तीन महिन्यांचं इंजेक्शन

उमरग्याजवळच्या उपकेंद्रात वर्षाराणी सिस्टरांनी शिवरंजनीच्या पोटावरचा हात काढला. बाकावर तिचा नवरा राजशेखर नऊ महिन्यांच्या धाकटीला घेऊन बसला होता. तिला गोवराची लस द्यायला म्हणून दोघं आले होते; शिवरंजनीचं वाढलेलं पोट बघून सिस्टरांनीच तिला तपासायला घेतलं होतं.

"साडेपाच महिने झालेत. कळलं नाही तुला?"

"अंगावर पाजतेय न्हवं. पाळी आलीच न्हाय. वाटलं, त्यामुळंच."

सिस्टरांनी तिची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक. मागच्या बाळंतपणात हिला रक्त चढवावं लागलं होतं. आता गर्भ काढून घ्यायची मुदतही उलटली होती.

त्यांचा आवाज चढला. "राजशेखर, तुम्हाला तरी कळायला नको? मुलासाठी बायकोचा जीव घेता का?"

"मुलाचं कुणी काढलं, मॅडम?" राजशेखर गोंधळला. "दोन पोरी बास, हे आमचं दोघांचं कवाच ठरलंय. धाकटी दीड महिन्याची असताना आलतो की तुमच्याकडं, दिवस ऱ्हाऊ नयेत म्हणून देतात त्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनसाठी. म्या बाहेर गाडीपाशी हुतो, ही आत आलती."

सिस्टरांना तो दिवस आठवला. लसीकरणाची गर्दी होती. शिवरंजनीनं इंजेक्शनचं नाव काढलं, तेव्हा हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या होत्या, "दोन्ही पोरीच ना? मग राहू दे. वर्षभरात मुलासाठी येशीलच. तेव्हा या इंजेक्शनमुळं दिवस राहायला वेळ लागला, की घरचे मलाच बोलतील." बावीस वर्षांची नोकरी झाली होती. कुठल्या जोडप्याला काय हवं ते तोंड बघून कळतं, असं त्या नव्या आशाताईंना नेहमी सांगायच्या.

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना, आमचं ठरलंय म्हणून."

"तुमी इचारलंच न्हाय."

शिवरंजनी हे रागानं बोलली नव्हती. सिस्टर स्टुलावर बसल्या. धाकटीला लस टोचली, ती ओरडली, तिला आईकडं दिलं. मग त्यांनी उमरग्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख चुकली, दुसरा कागद घेतला.

"आजच रक्त तपासून घ्यायचं. मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं कागदावरची मान वर न करता म्हणाल्या, "चुकलं माझं, शिवरंजनी."

पोरीला खांद्यावर थोपटत शिवरंजनी उठली. "असू द्या, सिस्टर. घरी सासूबाईबी तवा तुमच्यासारखंच म्हणत हुत्या, पोरगा हुईस्तवर इंजेक्शन नको. म्हणून तर त्यास्नी न सांगता तुमच्याकडं आलतो."