ताईला टोचणारी जाहिरात

"अजून टोचतेय," ताई म्हणाली.

धाकट्याने लॅपटॉपवरून मान वर केली. ताई आपल्या संगणकासमोर भिंतीकडे पाठ करून बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो समोरच्या कापायच्या टेबलापाशी, कापडांच्या ढिगात कोपराएवढी जागा करून. कुठली टोचतेय, असं त्याने विचारलं.

"आज कुठे लावलीयेस?"

"कॉलरच्या धड्यात. मापं संपतात तिथे."

"तीच. मापं संपली की माणसाच्या हातात कात्री येते. नेमकं तेव्हाच कुणी चपला विकायला आलं, तर कापड वाकडं नाही का जाणार?"

मुद्दा बिनतोड होता. धाकट्याने जाहिरात उचलली आणि खाली नेली.

ताईची हयात लोकांना शिवणकाम शिकवण्यात गेली होती. तिचे धडे वेबसाइटवर टाकायची कल्पना धाकट्याची. बघता बघता वाचक इतके वाढले की साइट धापा टाकायला लागली. तिच्यासाठी सर्व्हरवर मोठी जागा भाड्याने घ्यायची तर जाहिराती लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ताईने होकार दिला, पण अट घालून: धडा वाचताना जाहिरात टोचली, तर सगळे धडे काढून घेईन. आणि ताई शब्दाची पक्की. एकदा तर पुरा शिवून झालेला कोट तिने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उसवला होता, का, तर बाही तिच्या मनासारखी बसली नव्हती. गिऱ्हाईक बिचारं छान आहे, छान आहे म्हणत राहिलं.

धाकट्याच्या जिवाला घोर लागला तो यामुळे. आयुष्यात त्याने अनेक गोष्टी हौसेने सुरू केल्या आणि अर्ध्यावर सोडल्या. तडीला गेलेली ही एकच. ती ताईच्या एका नकाराने बसली असती.

म्हणून ऑफिस सुटलं की तो थेट ताईकडे येऊ लागला. एरवी दोन गल्ल्या सोडून राहत असूनही त्यांची गाठ पडायची ती कुणाच्या लग्नात, नाहीतर तिचा संगणक रुसला की. तो संगणकही त्यानेच बसवून दिलेला, नको ते काही आत शिरू नये म्हणून सगळ्या कड्याकुलपांसकट.

आता मात्र रोजचं येणं झालं. चहा व्हायचा, मग परीक्षा. मथळ्याखाली जाहिरात लावली, तर ताई म्हणाली, उंबरठ्यातच ठेच लागते. बाजूला लावली, तर डोळा सारखा तिकडे पळतो. वैतागून त्याने दोन काढूनच टाकल्या, तर पान भुंडं दिसायला लागलं म्हणे. त्याने निमूटपणे एक परत लावली. वाचक कुठे थांबतात, कुठून पळ काढतात, याचे आकडे तो रोज बघायचा. कधी कधी आकडे एक सांगायचे आणि ताई दुसरंच. अशा वेळी तो ताईचं ऐकायचा. आकड्यांची समजूत घालता येते, ताईची नाही.

परीक्षा संपली तरी तो लगेच उठत नसे. वडिलांच्या घोरण्याचे किस्से निघायचे, मग आईने दोघांना मिळून दिलेल्या माराचे. ताई नकला झकास करायची, हे तो विसरूनच गेला होता. तुमचं अंथरूण-पांघरूण तिकडेच पाठवू का, असं बायकोने एकदा विचारलंही. त्याने हसून वेळ मारून नेली. खरं तर या येण्याजाण्यात त्याला फार बरं वाटत होतं.

शेवटी गणित जमलं. चित्राखाली एक जाहिरात आणि एक अगदी तळाशी, बस्स. आकडे बघून त्याचाच विश्वास बसेना: लोक धडा शेवटपर्यंत वाचत होते, आणि वाचून झाल्यावर जाहिरातही उघडून बघत होते. मोठ्या जागेचीही सोय होत होती. आता फक्त ताईचा होकार हवा होता.

"ताई, आजही टोचत असेल तर मी हात टेकले," तो म्हणाला.

"कुठे लावलीयेस?"

"चित्राखाली. आणि शेवटी, दोरा तोडतात तिथे."

ताई पडद्याकडे बघत राहिली. एवढा वेळ तिने आजवर कधी लावला नव्हता.

"नाही टोचत," ती म्हणाली.

धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. सुटलीस एकदाची, उद्यापासून माझी भुणभुण बंद, असं तो हसत हसत म्हणाला. ताईने नुसतं हं केलं आणि ती इस्त्री करायला उठली.

जमून आलेलं पान मोठ्या पडद्यावर एकदा डोळे भरून बघावं, म्हणून तो तिच्या खुर्चीत जाऊन बसला. कॉलरचा धडा उघडाच होता. चित्राखाली काही नव्हतं. तो तळापर्यंत गेला. तिथेही काही नव्हतं. त्याने बाहीचा धडा उघडला, मग खिशाचा, मग काजाचा. सगळी पानं धुतल्यासारखी स्वच्छ होती.

मग त्याचं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या लाल खुणेकडे गेलं. संगणक बसवला त्या दिवशी त्यानेच घातलेली ती कडी होती, कुठल्याही पानावरची एकही जाहिरात आत येऊ न देणारी. तो ती साफ विसरला होता.

"ताई, तुला यातली एकही जाहिरात कधी दिसलीच नाही."

"नाही," ताई म्हणाली. तिचा हात कापडावरून फिरत राहिला.

"मग रोज टोचत काय होतं?"

ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

"पहिल्याच दिवशी छान आहे म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आला असतास का, धाकट्या?"