नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

शेवटचा भागाकार संपला. नऊशे सत्त्याण्णवनं भागून बाकी उरली नऊशे एकोणनव्वद. म्हणजे हाही नाहीच! कुंदानं कॅलेंडरची पाठकोरी पानं गोळा केली आणि बाहेरच्या खोलीत आली.

मांजर्लीच्या त्या घरात सासरे श्यामकांत कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नसत. छे, 'नाही'चं नावच नको! ते गणित घालायचे. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केलेला माणूस. गणित सुटलं तर परवानगी, अडलं तर दोष आपला. उल्हासनगरच्या शाळेत शिकवायला जाऊ का, असं कुंदानं विचारलं तेव्हा त्यांनी हसत कागदावर लिहून दिलं : ९९९९८३. "एक आणि ही स्वतः सोडून हिला पूर्ण भाग देणारी संख्या शोध. सापडली की खुशाल जा."

मुलाखत सोमवारी होती. आज रविवार.

"बाबा, हिला कशानंच भाग जात नाही," कुंदा म्हणाली. "दहा लाखांच्या आतली आहे, म्हणजे हजाराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकशे अडुसष्ट आहेत. एकूण एक तपासल्या."

श्यामकांतांनी पेपर खाली केला नाही. "मी भाजक मागितला होता. सापडला?"

"नाहीच तो! सापडेल कुठून?"

"मग झालं तर."

इतक्या गोड आवाजात म्हणाले, की तिच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. यांना पहिल्यापासून ठाऊक होतं तर! पंधरा दिवस कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती भागाकार करत होती, आणि दाराला कडी बाहेरून लावलेली. आता रडावं की ओरडावं, तिला कळेना.

कणकेचे हात तसेच घेऊन सासूबाई, कुमुदिनी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अशा बोलण्यात त्या कधी पडत नसत.

"शेवटपर्यंत गेलीस?"

"हो, आई."

"सातशे एकोणीसच्याही पुढं?"

कुंदा चमकली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला नर्सिंगला जायचं होतं. तेव्हा हीच घातली होती मला. सातशे एकोणीसपर्यंत पोचले, तर तुझ्या नवऱ्याच्या वेळचे दिवस भरले. मग राहूनच गेलं." त्यांनी पानं हातात घेतली. कणकेचं बोट एकेका बाकीवरून फिरत खाली गेलं. "पुढं काहीच नव्हतं?"

"काहीच नाही, आई."

"एकतीस वर्षं," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मला वाटतंय, मीच कमी पडले."

पेपर खाली आला. "अगं, जुनी गंमत ती..."

कुमुदिनीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुंदा, उद्या किती वाजता निघायचंय तुला?"