घरट्यातली लोकर

हरवलेली पांढरी गाभण सांडणी शोधत चोइजिल चार दिवस गोबीत भटकत होता. नदीकाठच्या वाळुंजावर त्याला पिशवीसारखे लोंबणारे घरटे दिसले. असे घरटे करणारा इवला पक्षी उंटाच्या लोकरीनेच घर विणतो. आणि इतकी शुभ्र, ताजी लोकर साऱ्या खोऱ्यात एकीचीच होती. पलीकडे दाम्बाचा तंबू होता.

दाम्बा हसत सामोरा आला. "बरा आलास गड्या! मी तुझ्याकडेच—"

"कापून खाल्लीस ना रे, चोरा!"

चाबकाच्या तिसऱ्या फटक्याला दाम्बाचा डोळा फुटला. तो वाळूत कोसळला, तरी चाबूक थांबला नाही.



तंबूमागून दाम्बाची बायको सांडणीच्या लडखडत्या नवजात पिल्लाला कवेत आधार देत, नजर त्याच्यावरच ठेवून आली. मागोमाग पांढरी सांडणी. "भावोजी, अडली होती हो बिचारी! दोन दिवस खपून ह्यांनी सोडवली. कुठे गेले हे?"