खिडकीतलं कोळनांदूर

ही २०७१ सालची गोष्ट. कोळनांदूरला गाडी थांबणं कधीच बंद झालं होतं, पण गाडीच्या खिडक्या म्हणजे नुसते पडदे होते आणि त्यांत ती रोज तिथं थांबलेली दिसे. फलाटावर तरुणपणच्या कौसाबाई हसत हसत सीताफळं विकत. गाडी थांबवा असा गावानं अर्ज केला की उत्तर येई, "प्रवाशांची काही तक्रार नाही."

शेवटी सत्तरीच्या कौसाबाई शहरात जाऊन त्याच गाडीत बसल्या. कोळनांदूर आलं, खिडकीत टोपली दिसली. शेजारी बसलेले एक प्रवासी, सबनीस, म्हणाले, "किती गोड बाई आहे हो!"

"ती मीच आहे, मेल्या! बाळंतपणात अडलेली माझी सून ह्याच फलाटावर गेली, गाडी थांबली नाही म्हणून. तेव्हाही ही बया इथं हसतच होती!"

त्यांनी साखळी ओढली. दार उघडलं. बाहेर फुटका फलाट आणि कमरेएवढं गवत होतं.

साखळी ओढल्याबद्दल कौसाबाईंना कैद झाली आणि त्या कैदेतच वारल्या. सबनीस पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत. आता खिडकीत कोळनांदूर आलं की म्हाताऱ्या कौसाबाई साखळी ओढताना दिसतात आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. गाडी अजूनही थांबत नाही.