दोन डॉलरच्या नोटा

शुक्रवारी सकाळी आर्डिथच्या बेकरीत पहिल्याच गिऱ्हाइकाने डोनटसाठी दोन डॉलरची नोट पुढे केली. अशी नोट वर्षातून एखादी दिसायची, तीही कुणी हौसेने जपून ठेवलेली. आर्डिथने ती हसून घेतली. पण दुसऱ्यानेही तशीच दिली, मग तिसऱ्यांदा आलेल्या बाईनेही. गल्ल्यात या नोटेला कप्पासुद्धा नव्हता. दहा वाजता तिने घाबरून बँकेत फोन लावला. "नोटा खऱ्याच आहेत," असं उत्तर आलं. मग आज गावाला झालंय तरी काय, तिला कळेना.

दुपारी कागदाच्या कारखान्यातला रॉस्को पाव न्यायला आला आणि त्यानेही तशाच नोटा काढल्या.

"अरे, सगळ्यांनी मिळून माझी थट्टा मांडलीय का?"

"थट्टा कसली, आर्डिथ! काल पगार झाला. कारखान्यातल्या आम्हा सगळ्यांनी बँकेतून मुद्दाम याच नोटा घेतल्या. आमच्या कारखान्याचा घाण वास तर गावाला रोज येतो, म्हटलं एकदा आमचा पैसाही ओळखू यावा."

तो गेल्यावर आर्डिथने गल्ला उघडला. दोन डॉलरच्या नोटांचा ढीग बाजूला काढला, तर दुसऱ्या नोटा चारच उरल्या. तिने त्या चार नोटा पुन्हा एकदा मोजल्या. मग तिने गावसभेच्या कारकुनाला फोन लावला.

"सोमवारी सभेपुढे वासापायी तो कागदाचा कारखाना बंद करायचा अर्ज येणार आहे ना, त्यावर पहिली सही माझी आहे. ती खोडता येईल का?"