रिपोर्ट उघडतोय

अडतीस टक्के. तिथंच अडकलं.

"बाई, त्या कॉम्प्युटरला जरा जागं करा की!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. मागे हशा पिकला.

लॅबच्या रिपोर्ट-खिडकीतली क्लार्क पडद्यावरचा आकडा बघत राहिली. आठवड्यापूर्वी सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली, आणि चुटकीसरशी उघडणारा रिपोर्ट तीन-तीन मिनिटं खाऊ लागला. खापर मात्र तिच्या डोक्यावर. सकाळीच साहेबांनी सुनावलं होतं, "आणखी एक तक्रार आली, तर उद्यापासून येऊ नका." घरात कमावणारी ती एकटी.

सत्तेचाळीस.

खिडकीशी एक वयस्क जोडपं उभं होतं. बाईंच्या मानेवर पट्टी; तिथल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलेला. दोघांचं भांडण चाललं होतं, गॅलरीच्या रंगावरून.

"पिवळा लावलात तर मी माहेरी निघून जाईन."

"जा की! तुला येताना बघून तुझा भाऊ कुलूप लावून पळेल."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पट्टीवर हात धरावा लागला.

एकोणसत्तर.

"तक्रारवही कुठंय?" चष्मेवाला एक माणूस रांग मोडून पुढं आला. क्लार्कनं वही सरकवली. पेनही तिनंच दिलं.

शंभर.

रिपोर्ट उघडला. तो वरून वाचायचा नसतो, शेवटची ओळ बघायची, एवढं नऊ वर्षांत तिला कळलं होतं. तिनं बघितली. ती ओळ वाचून हसत गेलेलं माणूस तिनं अजून पाहिलं नव्हतं.

आता छापायचं. पाकिटात घालायचं. पुढचा नंबर.

काचेपलीकडं तह होत आला होता. "बरं, एक भिंत पिवळी," बाई म्हणत होत्या, "पण कुठली ते मी सांगणार."

"म्हणजे दाराआडची!" काका खिडकीकडं वळले. "झालं का हो, ताई?"

चष्मेवाल्यानं वहीचं कोरं पान काढलं.

"नाही हो, काका. वेळ आहे अजून," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या."

आणि तिनं उघडलेला रिपोर्ट बंद केला, पहिल्यापासून उघडायला लावला.