अष्टपुत्रीचा पिवळा

‘वर्णमेळ आरसा भेदभाव करीत नाही; नैसर्गिक वर्णाला खुलणारा रंग तो केवळ सुचवतो,’ असे निवेदन साडीच्या दुकानाच्या दारावर झळकत होते. ‘सुचवणे’ म्हणजे काय, ते प्राध्यापक सुमेधा उबाळे यांना गल्ल्यापाशी कळले. त्यांच्या सावळ्या लेकीची लग्नातली पिवळी अष्टपुत्री आरशाने नाकारली आणि त्याच्या होकाराशिवाय बिलच होईना. त्याने राखाडी सुचवला होता.

“राखाडी नेसून कुणी बोहल्यावर चढतं का, आई?” लेकीने अष्टपुत्री छातीशी धरली.

“आरसा शास्त्रीय आहे, बाई,” उद्घाटनाला आलेले त्याचे जनक डॉ. सरंजामे हसले.

“अंगाला हळद लागलेल्या नवरीला पिवळा शोभत नाही, हे शास्त्र तो कुणाचे चेहरे पाहून शिकला?” सुमेधाबाईंनी थंडपणे विचारले.

सरंजामे घुटमळले. “आमच्याच घरांतल्या लग्नांचे अल्बम दाखवले त्याला. सावळ्या सुना आम्ही कधी करून घेतल्याच नव्हत्या.”